तिसऱ्या अंकाआधी उठणारे सर

“पण याच्यात समाज कुठं आहे?” असं म्हणून सर चष्मा कपाळावर चढवायचे आणि उजवा हात पुढे पसरायचे. समोरच्यानं खिशातून समाज काढून त्या हातावर ठेवावा, अशी त्यांची अपेक्षा असायची. नाटक असो, सिनेमा असो, लग्नात डीजेवर वाजणारं गाणं असो की माझ्या मोबाइलची रिंगटोन, सरांना त्यात समाज हवा असायचा आणि तो कधीच सापडायचा नाही. सापडला असता तर त्यांचा हिरमोड झाला असता, असं माझं तेव्हाचं मत होतं.

तुम्हीही असा एक माणूस पाहिला असणारच. गावागणिक एक असतो. पंगतीत पोटभर जेवतो आणि हात धुताना सांगतो की वरणात मीठ कमी होतं. त्याला कोणी काही म्हणत नाही, कारण तो शिकलेला असतो.

अर्जुनी मोरगावला बसस्टँडजवळ आमचं डीटीपीचं दुकान आहे. मी टाइप करते, नवरा छपाईचं मशीन चालवतो. लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, निवडणुकीची पत्रकं ही बारमाही कामं. खरी धावपळ दिवाळी ते होळी, झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या जंगलपट्टीतल्या नाटकांची पोस्टरं असतात तेव्हा. आमच्याकडे धान घरात आलं की गावोगाव मंडई भरते, म्हणजे गावची जत्राच, आणि मंडईच्या रात्री नाटक असतंच. वडश्याच्या नाटक कंपन्या येतात, नागपूरहून नट्या येतात, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. मंडईला ज्याच्या घरी पाहुणा नाही, त्याच्या घरात काहीतरी बिनसलंय असं लोक धरून चालतात.

सर कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले. गोंदियाच्या एका पेपरच्या रविवार पुरवणीत त्यांचं सदर यायचं, नाटक, सिनेमा आणि गाण्यांवर. टाइप करणं त्यांना जमत नव्हतं. दर मंगळवारी अकरा वाजता ते कागदांची घडी घेऊन यायचे. मी टाइप करायची, ते स्टुलावर बसून प्रिंट तपासायचे, मग मी मेल करायची. चार वर्षं हे चाललं. ज्या कॉम्प्युटरवर मी ‘हसवता हसवता रडवणारं, काळजाचं पाणी करणारं’ असं पोस्टर करायची, त्याच कॉम्प्युटरवर पुढच्या मंगळवारी त्याच नाटकाचं श्राद्ध घालायची.

पोस्टरवरूनही ते मला बोलायचे. आमच्याकडच्या पोस्टरवर उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, सहअध्यक्ष, दीपप्रज्वलक आणि त्याखाली वीस-पंचवीस विशेष अतिथी असतात. लेखकाचं नाव सगळ्यात खाली, आमच्या दुकानाच्या फोन नंबरच्या जरासं वर.

“हा नाटकाचा कागद आहे की मतदार यादी?” सर विचारायचे.

“सर, ज्याचं नाव छापलं तो बायकापोरं घेऊन नाटकाला येते.”

“आणि ज्यानं नाटक लिहिलं तो?”

“तो येऊन का करन? त्याले गोष्ट माहीत आहे.”

ते हसायचे नाहीत. हसणं हा त्यांच्या मते प्रेक्षकांना लागलेला रोग होता, आणि समीक्षकाला तो लागू नये म्हणून ते फार जपायचे.

खोटं कशाला बोलू, कधीकधी त्यांचं बरोबरही असायचं. एकदा त्यांनी लिहिलं होतं की आपल्या नाटकांत शिकलेली मुलगी नेहमी फसते आणि रांधणारी मुलगी नेहमी सुखी होते. खलनायक दरवेळी शहरातून गॉगल लावून येतो, जणू आपल्या गावांत वाईट माणूस जन्मालाच येत नाही. हे टाइप करताना माझा हात थांबला होता. मी स्वतः बीए, आणि लग्नाआधी मला पाहायला आलेल्यांनी भाकरी येते का एवढंच विचारलं होतं. पण पुढचंच वाक्य होतं, ‘आणि आपला प्रेक्षक, विशेषतः स्त्रीवर्ग, हे शेण गोड मानून खातो.’ सरांचं हे असंच. गाडी बरोबर रस्त्यानं निघायची आणि शेवटी माणसांच्या अंगावर यायची.

गोंदियाजवळच्या गोरेगावला एका लग्नात मी आणि नवरा गेलो होतो, तिथं सरही होते. वरातीत डीजे लागला होता. पोरं धूळ उडवत नाचत होती. सरांनी नवरदेवाच्या बापाला बाजूला घेतलं आणि जे गाणं वाजत होतं त्याच्या एकेका ओळीचा अर्थ सांगायला सुरुवात केली. यात बाईला वस्तू कसं केलंय, दारूला मोठेपण कसं दिलंय, आणि अशा गाण्यावर घरची सून आणणं म्हणजे काय. बाप उपाशी होता, उन्हात उभा होता, फेटा ओघळत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

“सर,” तो म्हणाला, “नाचा तरी, नाही तं जेवा तरी.”

सर जेवले. पुढच्या रविवारी त्या वरातीवर अर्धं पान आलं.

मग एका गावच्या मंडळाच्या पोरांनी डोकं चालवलं. ज्याच्या हातानं नारळ फुटतो तो शिव्या कशा देईल, असा त्यांचा हिशेब. त्यांनी सरांना उद्घाटक केलं. पोस्टर मीच केलं, सरांचं नाव सगळ्यात वर, फोटोसकट. सरांनी नारळ फोडला, माइक हातात घेतला आणि चाळीस मिनिटं बोलले. आज तुम्ही जे पाहणार आहात ते नाटक नसून तुमच्या अश्रूंचा व्यापार आहे, असं त्यांनी पडदा उघडण्याआधीच जाहीर केलं. पडद्यामागे नट मेकअप करून बसलेले, त्यांनाही ते ऐकू जात होतं. शेवटी सतरंजीवरून एक म्हातारी बोलली.

“मंग तुमी कायले आले, गुरुजी?”

“तुम्हाला सांगायला.”

“सांगतलं ना? मंग सरका आता, आमाले पाहू द्या.”

सगळा मांडव हसला. त्या मंगळवारी सर आले तेव्हा मीही तोंड सोडलं. म्हटलं, “सर, तुम्ही समाज शोधता ना, तो तिथंच होता. सतरंजीवर बसला होता. तुम्ही पुढच्या खुर्चीवर बसता, तुमची पाठ असते त्याच्याकडे.”

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. “ताई, तुम्ही टाइप करा,” म्हणाले.

आणि त्या खुर्चीवर तरी ते किती वेळ बसायचे? दुसरा अंक संपला, मध्यांतराचे दिवे लागले की सर उठायचे आणि स्कूटर काढून निघून जायचे. एकही नाटक ते शेवटपर्यंत पाहत नसत. सगळ्या पंचक्रोशीला हे माहीत होतं. कंपनीवाले म्हणायचे, मास्तरला झोप आवरत नाही. मला वाटायचं, घमेंड आहे. एकदा विचारलं तर म्हणाले, “शितावरून भाताची परीक्षा होते, ताई.” धानाच्या मुलखात राहणाऱ्या माणसानं ही म्हण सांगावी याचं मला नवल वाटलं. आमच्याकडे हंडी वरून शिजलेली आणि तळाला करपलेली असू शकते, हे पोरीसोरींनाही कळतं.

गेल्याच्या गेल्या वर्षीची मंडई. माझं माहेर अर्जुनीपासून सात-आठ किलोमीटरवर आहे, तिथं नाटक होतं. गोष्ट नेहमीचीच. दोन भाऊ, दोन सुना, आजारी आई, आणि तिची वाटणी कोणी घ्यायची यावरून भांडण. मी आईजवळ सतरंजीवर बसले होते. सर पुढे खुर्चीवर, मध्यांतराला उठून गेले. मी आईला म्हटलंसुद्धा, “गेले बघ, निकाल लागला.”

तिसऱ्या अंकात जे झालं ते मी विसरणार नाही. आईचं काम करणारी नटी पन्नाशीची होती, नागपूरची. तिचा घसा बसला होता. माइकमधून तिचा आवाज फाटून येत होता. दोघे भाऊ दाराशी उभे राहून भांडत असतात आणि आत खाटेवर ती मरते, कोणाच्या लक्षातही येत नाही. पाणी मागायला तिनं हात वर केला आणि तो तसाच खाली आला. मांडवात हजारभर माणूस होतं, पण पोरंही रडायची थांबली. मग कुठंतरी एक बाई हुंदका देऊन रडली आणि सगळ्या बायका रडू लागल्या. माझी आई रडली. मीही रडले. मी असली नाटकं रोज छापते, त्यांची भाषा मला पाठ आहे, तरी रडले. पदरानं तोंड पुसताना मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटण्यापर्यंत आपल्याला कोणी आणलं याचा रागही आला.

मंगळवारी सर आले. कागद माझ्यापुढे ठेवले आणि स्टुलावर बसून चष्मा पुसू लागले. मी टाइप करू लागले. पहिल्या परिच्छेदातच होतं, ‘बायका रडायलाच येतात. त्यांना काहीही दाखवा, त्या रडतात.’ मी दात आवळून पुढे गेले. पहिल्या दोन अंकांवर नेहमीचे वार होते. मग तिसरा अंक. सरांनी लिहिलं होतं:

‘शेवटी आई बरी होते, उठून बसते, दोन्ही मुलं तिच्या पायांवर लोळण घेतात आणि धाकटी सून खीर घेऊन येते. मरणाला सामोरं जाण्याची हिंमत नसलेल्या लेखकानं प्रेक्षकाला बाळ समजून बोट धरून घरी पोचवलं आहे. इतका बाळबोध शेवट मी अलीकडे पाहिला नाही.’

‘पाहिला नाही’ हे तर खरंच होतं.

माझी बोटं थांबली. सर समोरच होते. “सर, आई मेली,” एवढं बोलायचं होतं. तीन शब्द. त्यांनी लाल पेन काढलं असतं, परिच्छेद बदलला असता आणि गोष्ट तिथंच संपली असती. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते चष्म्याची काच उजेडाला धरून बघत होते, आणि त्या क्षणी मला ते इतके नकोसे झाले होते की सांगता येत नाही. हा माणूस माझ्या आईच्या रडण्याला शेण म्हणतो आणि याला माहीतही नाही ती कशावर रडली.

मी सगळं जसंच्या तसं टाइप केलं. त्यांनी प्रिंट तपासली, एक स्वल्पविराम घातला. मी मेल केला. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो.

रविवारी सदर छापून आलं आणि दुपारपर्यंत त्याचा फोटो प्रत्येकाच्या मोबाइलवर होता. त्या कंपनीनं तर कमालच केली. पुढच्या गावी पडदा उघडायच्या आधी मालकानं माइकवरून सांगितलं, “आमच्या नाटकात माय मरते म्हनजे मरतेच. ज्याले खात्री करायची असंल त्यानं शेवटपावतर बसावं.” लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग प्रत्येक गावी ते हेच सांगू लागले. पेपरवाल्यांना फोन गेले. पंधरा दिवसांत सदर बंद झालं. कोणीही त्याबद्दल दोन ओळी छापल्या नाहीत, एका रविवारी त्या जागी कपड्यांच्या दुकानाची जाहिरात आली.

त्यानंतरच्या मंगळवारी सर अकरालाच आले. हातात कागद नव्हते. बसले नाहीत.

“ताई, तुम्ही होता ना त्या नाटकाला?”

“होते.”

“शेवटपर्यंत?”

“हो.”

“मग तुम्ही...” त्यांनी वाक्य सोडून दिलं.

“मी टाइप करते, सर,” मी म्हटलं. “तपासायचं काम तुमचं.”

“बरोबर आहे,” ते म्हणाले. मान हलवली, आणि गेले. हे उत्तर मी चार वर्षं पोटात साठवून ठेवलं होतं. ते दिल्यावर दिवसभर मला छान वाटलं.

दुसऱ्या मंगळवारी अकरा वाजता मी दाराकडे पाहिलं. तिसऱ्याही. सवय वाईट असते. त्यांच्या हस्तलिखितांचा गठ्ठा माझ्या कपाटात पडून होता, तो परत द्यायचं निमित्त करून संक्रांतीच्या सुमारास मी त्यांच्या घरी गेले. खरं सांगायचं तर मला पाहायचं होतं की माणूस किती खाली आलाय.

सर घरी नव्हते, औषध आणायला गेले होते. पुढच्या खोलीत पलंगावर काकू होत्या. पाच वर्षांपूर्वी त्यांना लकव्याचा झटका आला होता आणि तेव्हापासून त्या अंथरुणावर आहेत, हे मला माहीत होतं. अर्जुनीसारख्या गावात हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण सरांच्या स्कूटरचा आणि या पलंगाचा काही संबंध असेल असं माझ्या मनात कधी आलं नाही.

“तू पोस्टरवाली ना, बेटा?” काकू म्हणाल्या. बोलणं थोडं जड होतं, पण कळत होतं. “बस. तुझे पोस्टर दाखवते हे मले. लई नावं असते बाप्पा.”

मी बसले. गठ्ठा टेबलावर ठेवला.

“मले नाटकाचा भारी शौक,” त्या म्हणाल्या. “पोरगी होती तवा एक मंडई सोडली नाही. आता का, पडून राह्यली. मंग हेच जाते माह्यासाठी. शेजारची बाई बसते माह्यापाशी, पन तिले बी घर आहे, लेकरं आहे. एक वाजेपर्यंत बसते. म्हनून अर्धा पाहून येते हे.”

“आणि मग?”

“मंग का? या खुर्चीवर बसते आन् सांगते. सांगते का, करूनच दाखवते. बाईचा आवाज काढते. लावनी आली का या ट्रंकेवर ताल धरते. पूर्ण नाटक.”

“पण काकू, शेवट तर ते पाहतच नाहीत.”

“नाही ना. थो मनानंच करते.” काकूंच्या तोंडाची एक बाजू हसली. “कोनालेच मरू देत नाही. पाच वर्सांत माह्या घरी एक मानूस नाही मेला नाटकात. सगळे बरे होते. खीर खाते. मले का समजत नाही? झाडीत माय मेल्याबिगर पडदा पडते का कधी?”

मी टेबलावरच्या गठ्ठ्याचे कागद सारखे करू लागले. 

“मंडईचं थे नाटक होतं ना, माय आजारी असते थे,” त्या सांगत राहिल्या. “त्या रोजचा शेवट भारी केला होता यायनं. सांगता सांगता सोताच रडले. मी पाह्यलं. तिकडं तोंड करून डोळे पुसले. मंग पेपरात कायले त्याले शिव्या देल्ल्या, देव जाने.”

मला मात्र कळलं होतं. घरी त्यांनी तो शेवट रडत रडत केला होता आणि मंगळवारी सकाळी, त्याची लाज वाटून, त्यालाच बाळबोध म्हणून झोडपलं होतं. आपलेच शेवट सांगून सांगून, कंपनीनंही हाच शेवट केला असणार असं त्यांनी धरून घेतलं होतं. मी पदरानं तोंड पुसताना जे केलं तेच त्यांनी लाल पेनानं केलं होतं. फरक इतकाच की माझं कोणी छापलं नाही.

“काकू, तुम्हाला ठाऊक होतं तर तुम्ही त्यांना कधी म्हटलं नाही?”

“काऊन म्हनू? दिवसभर या मानसाचं तोंड चढून राह्यते. त्या एका रातीच बोलते तं बरा.” मग त्यांनी चांगल्या हातानं पांघरूण सारखं केलं. “आता जात नाही. पेपर बंद झाला तवापासून. लोक हासते म्हनते. दोन महिने झाले, एक नाटक नाही झालं या घरी.”

त्यांनी तक्रार केली नाही, नुसतं सांगितलं.  मी सरांना धडा शिकवायला गेले होते आणि घास या बाईच्या तोंडचा काढला होता. ते तीन शब्द मी बोलले असते तर हे घर अजून नाटकात असतं.

वळून पाहिलं तर सर दारात उभे होते. हातात औषधाची पिशवी. किती ऐकलं होतं कोण जाणे, पण त्यांचे कान लाल झाले होते. माझ्याकडे न पाहता ते आत गेले आणि चहाचं भांडं ठेवल्याचा आवाज आला. ते चहा घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, “सर, सिझन अजून बाकी आहे. परवा दोन गावांत आहे. पेपरसाठी नको, असंच जाऊन या.”

“कशाला?” ते म्हणाले. “मी गेलो की नाटकापेक्षा मला पाहतील.”

“पाहू द्या.”

“तुम्हाला सोपं आहे म्हणायला,” ते म्हणाले, आणि ते खरं होतं. माफी मागायला तोंड उघडलं, पण काकू ऐकत होत्या. त्यांना काय सांगू, की मीच बंद केलं? मी चहा पिऊन परत आले. दर आठवड्याला नवीन पोस्टरची एक प्रत त्यांच्या दाराच्या कडीत अडकवून येऊ लागले. होळी झाली, सिझन संपला. सर एकाही नाटकाला गेले नाहीत. वैशाखात काकू गेल्या. त्यांच्या तेरवीची पत्रिका मी टाइप केली. सरांनी प्रिंट तपासली नाही, बघताच हो म्हणाले.

नंतरच्या दिवाळीला ते रायपूरला मुलाकडे जायचं ठरवत होते, आणि पौषात गेलेच. स्कूटर विकली, पुस्तकं कॉलेजला दिली. जाण्याआधी मी त्यांना एकदाच पाहिलं, माझ्या माहेरच्या मंडईत. कंपनी दुसरी होती, नाटक दुसरं, पण त्यातही आई होती आणि तीही आजारी होती. सर पुढे खुर्चीवर नव्हते. ते मागे, पुरुषांच्या बाजूला, सतरंज्या संपतात तिथं एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते.

मध्यांतराचे दिवे लागले. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांचा हात खिशात गेला, किल्ली बाहेर आली. ते अर्धवट उठलेसुद्धा. मग काहीतरी आठवल्यासारखे पुन्हा बसले. आजूबाजूच्या दोघांनी एकमेकांना कोपर मारलं. सरांनी तिकडे पाहिलं नाही. किल्ली मुठीत धरून त्यांनी तिसरा अंक पाहिला. आई मेली. बायका रडल्या. मी रडले नाही, कारण मी स्टेजकडे पाहतच नव्हते.

उजाडायला आलं होतं. लोक सतरंज्या झटकत उठले, मोटरसायकली सुरू झाल्या, धूळ उडाली. सर बसूनच होते. मी आईला घरी पाठवलं आणि त्यांच्याजवळ गेले. वर्षभर म्हणायचं राहिलेलं म्हटलं.

“सर, त्या मंगळवारी मी बोलायला पाहिजे होतं. माझं चुकलं.”

त्यांनी किल्ली खिशात टाकली. “तुम्ही सांगितलं असतं तर मी दुरुस्त केलं असतं,” ते म्हणाले. “आई मेली असं लिहिलं असतं. आणि तरी शिव्याच दिल्या असत्या, ताई. मला दुसरं येत कुठं होतं?”

मला हसूही आलं आणि रडूही. स्टेजवर दोन माणसं नाटकातल्या आईची खाट उचलून ट्रककडे नेत होती. मी म्हटलं, “काकूंना सांगायचे तसा सांगा ना मला. या नाटकाचा शेवट तुम्ही कसा केला असता?”

सर खाटेकडे पाहत होते. चार वर्षांत ते माझ्याशी कधी आमच्या बोलीत बोलले नव्हते.

“मागच्या महिन्यात एका राती बसलो होतो,” ते म्हणाले. “तिच्या पलंगासमोर. एक जुनं नाटक घेतलं. पहिला अंक सांगतला. दुसरा सांगतला.” खाट ट्रकमध्ये चढली. “तिसऱ्यात मरतेच आता माय. बहुत खेपा करून पाह्यलं.”

सतरंज्या गोळा करणारी माणसं आमच्यापर्यंत आली होती. सर उठले. आपली खुर्ची त्यांनी स्वतःच उचलली आणि बाकीच्या खुर्च्यांच्या चळतीवर नेऊन ठेवली.